उष्टा नान

इनोबतला लिहायला वेळ मिळायचा तो कणीक फुगायला लागतो तेवढाच. पहाटे उठून अंगण झाडायचं, दारापुढचा रस्ता झाडायचा, पाणी शिंपडायचं, कणीक मळायची, मोठ्या परातीत तिला गोधडी पांघरून झोपवायची, आणि मग ती फुगून वर येईपर्यंत जो काही वेळ उरेल तो इनोबतचा. तोसुद्धा सासूला मध्येच काही आठवलं नाही, शेजारीण आली नाही आणि पोर रडली नाही तर.

सासर नानवाल्यांचं. उझबेकिस्तानातल्या मर्गिलान शहराच्या कडेला आमची गल्ली, आणि गल्लीत लग्न असो, सुंता असो की मयत असो, पंगतीला नान सफुरा ओयींच्याच तंदूरचे. सफुरा ओयी म्हणजे इनोबतची सासू. आमच्याकडे सासूलाही ओयीच म्हणतात, म्हणजे आईच, आणि सुनेला केलिन. म्हणायला काय जातंय! बाई हाताची गोड आणि तोंडाची तिखट. सुनेला कागद घेऊन बसलेली पाहिली की तंदूरपासूनच ओरडायच्या, "केलिन, कणीक बघतेयस की कागद? कागद काही फुगून वर येत नाही!"

इनोबत ऐकून घ्यायची. तिनं सगळे प्रकार करून पाहिले होते. रात्री बसली तर अक्षरं पुसट व्हायच्या आत डोळेच मिटायचे. दुपारी बसली तर आल्यागेल्या बायका माना लांब करायच्या, "काय गं, पिठाचा हिशेब का?" लग्नाआधी ती ग्रंथालयातल्या मुहर्रम बाईंकडे लिहायला जायची. त्या म्हणाल्या होत्या, "वेळ मिळत नाही म्हणून रडू नकोस. दिवसभरात तुझे हात कधी थांबतात ते बघ, आणि तिथं ठाण मांड." तर हात थांबायचे ते कणीक झोपल्यावर. मग ती अंगणातल्या मोठ्या पलंगावर बसायची. बाजूला पाळणा, पाळण्यात तान्ही शहलो. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, कागद मांडीवर. पाय हलायचा तोवर पोर झोपायची, आणि मजा अशी की पाय हलायचा तोवर हातही चालायचा. पाय थांबला की शब्द थांबले. ही सांगड कशी जमली ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, पण जमली होती खरी.

ती एका बाईची गोष्ट लिहीत होती. माळरानावरच्या एका बारक्या स्टेशनात राहणारी बाई. नवरा वारला तेव्हापासून गाड्यांना हिरवा झेंडा तीच दाखवते. गाड्या येतात, धूळ उडवून जातात, थांबत एकही नाही. आणि बाई एका थांबणाऱ्या गाडीची वाट बघते.

ही गोष्ट इनोबतचा नवरा कोमिल याला माहीत होती. कोमिल हसरा गडी. लहानपणी जर्दाळूची बी दातानं फोडताना समोरच्या दाताचा तुकडा उडालेला, त्यामुळं हसला की अजून पोरगाच वाटायचा. द्राक्षं उतरली आणि तो रशियाला निघाला, इमारतींच्या कामावर. गल्लीतले निम्मे पुरुष तिकडंच. आमची रीत अशी, निघताना माणसानं ताज्या नानाचा एक घास तोडायचा, तोही हातानं नव्हे, दातानं. उरलेला नान घरात भिंतीला टांगून ठेवायचा. माणूस परतला की आपला उष्टा नान त्यानं स्वतः संपवायचा. त्याचा घास घरी अडकलाय, म्हणजे तो येणारच. त्या नानाला कुणी बोट लावत नाही, मुंगीसुद्धा फिरकू देत नाहीत.

कोमिलनं सफुरा ओयींच्या हातचा नान कचकन चावला. चाव्याच्या ओळीत तुटक्या दातापाशी एक उंचवटा राहिला. तोंडात घास तसाच ठेवून तो बायकोला म्हणाला, "लेखिकाबाई, थांबते का शेवटी ती गाडी?"

"अजून ठरलं नाही."

"मग मी आल्यावर सांग. आधीच फोनवर सांगून टाकलंस तर येणारच नाही बघ!"

"जीभ आवर मेल्या!" सफुरा ओयी कडाडल्या. "उंबऱ्यावर उभं राहून असलं बोलतात?"

कोमिल हसला, आईच्या हातांना डोळे लावले आणि गेला. नान मलमलच्या पिशवीत घालून मोठ्या खोलीतल्या खिळ्याला टांगला गेला. दर शुक्रवारी नमाजानंतर त्याचा फोन यायचा. हिवाळा तसा बरा गेला.

नवरोज तोंडावर आला तसा सफुरा ओयींनी मोठ्या खोलीला चुना द्यायचा घाट घातला. सकाळीच भिंती पांढऱ्या करून झाल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "केलिन, मी तुर्सुनोयकडे जाते. नवरोजची खीर ढवळायला बोलावलंय, गेलं नाही तर वर्षभर टोमणे मारेल. कोमिलचा नान काढलाय खाली, नीट ठेव हो. भिंत वाळली की लाव परत. कणकेवर लक्ष ठेव. पोरीला दूध पाज. कोंबड्या अंगणात सोडू नकोस."

"बरं, ओयी."

पिशवीवर चुन्याचे शिंतोडे उडाले होते. इनोबतनं नान काढून पलंगावरच्या दस्तरखानात, जेवायला अंथरायच्या कापडात, गुंडाळला, कालच्या शिळ्या नानांशेजारी, आणि पिशवी धुऊन दोरीवर टाकली. कणीक झोपवली. पोरीला पाजून पाळण्यात ठेवली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, म्हणून चहा ओतून घेतला. दोरी अंगठ्याला बांधली. आणि त्या दिवशी, काय सांगावं, शब्द नुसते धावत आले. सासू घरात नाही, गल्ली खिरीच्या कढईभोवती, तुतीच्या झाडावर चिमण्या. माळरानावरची ती बाई स्टेशनाच्या पायरीवर बसली, तिनं लांबवर धूर पाहिला, आणि इनोबतला पहिल्यांदा वाटलं, थांबणार! ही गाडी थांबणार!

पान भरलं तेव्हा कणीक परातीतून बाहेर डोकावत होती. इनोबत दचकून उठली, तंदूर पेटवला. पिशवी वाळली होती, भिंतही वाळली होती. ती नान आणायला पलंगापाशी गेली आणि दस्तरखान उघडला.

आत कालचे नान होते. कोमिलचा नान नव्हता.

तिनं गाद्या उलटल्या, पलंगाखाली वाकून पाहिलं, पाळण्यातल्या पोरीच्या उशीखालीसुद्धा हात घातला. कोंबड्या खुराड्यात होत्या, कडी लागलेली. मग तिची नजर चहाच्या पियाल्यावर गेली. तळाशी चुरा साचला होता. जीभ आपोआप दाढेपाशी गेली. दाढेत काहीतरी टणक अडकलं होतं.

तिनं मांडीवरून गळून पडलेलं पान उचललं. शेवटाकडं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, बाईनं वाळका नान चहात बुडवला, तो नरम होईना, तिनं परत बुडवला.

"खुदाया!" इनोबत मटकन खाली बसली. बाईनं काय बुडवला होता! बुडवला होता हिनं. एक हात लिहीत होता आणि दुसरा हात नवऱ्याचं परत येणं मोडून मोडून चहात बुडवत होता. तिनं तोंडात बोट घालून ओकायचा प्रयत्न केला तर डोळ्यांतून नुसतं पाणी. आणि मग तिला आठवलं की त्या बाईला विधवा करून टाकलंय ते हिनंच. कुणी सांगितलं होतं? जिवंत ठेवला असता त्या बाईचा नवरा तर गोष्टीचं काय बिघडलं असतं?

तंदूर तापला होता. भीतीचंही एक असतं, ती माणसाला एक तर दगड करते नाही तर चोर. इनोबतनं एक गोळा घेतला, थापला, मधोमध टोच्यांचा ठसा मारला, तंदूरच्या भिंतीला चिकटवला, भाजला, आणि मग परत तंदूरच्या काठावर ठेवून इतका वाळवला की वाजवला तर खणखणावा. आता घास. तिनं डोळे मिटून कोमिलचा हसरा चेहरा समोर आणला. तुटका दात कुठल्या बाजूला? हा, इकडं. तिनं नान चावला. तिचे सगळे दात धड, ओळ सरळ उमटली. नानाला सुरी लावायची नसते, म्हणून करंगळीच्या नखानं तिनं आजूबाजूचं कुरतडून त्या जागी उंचवटा सोडला. नख तुटलं, रक्त आलं. नान पिशवीत, पिशवी खिळ्याला.

सफुरा ओयी परतल्या तेव्हा खिरीचा वाडगा हातात होता. त्यांनी तो ठेवला, मोठ्या खोलीत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

"चुना बरा लागलाय," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी कोमिलचा फोन आला नाही.

इनोबत दिवसभर फोन ओढणीच्या गाठीत बांधून फिरली. संध्याकाळी तिनं लावला तर एक बाई रशियन भाषेत ठणकावून काहीतरी सांगून बंद झाली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. तुर्सुनोय शेजारीण आली, जिचा मुलगाही तिकडंच होता. चहा संपायच्या आत ती म्हणाली, "ऐकलंत का? तिकडं कुठंतरी इमारतीची परांची कोसळली म्हणे. आपल्याकडची पोरं होती. नावं अजून कळली नाहीत."

"तुझ्या जिभेला काही हाड?" सफुरा ओयी उसळल्या. "खा आणि जा."

तुर्सुनोय तोंड वाकडं करून गेली. पण बोलायचं ते बोलून गेली होती. इनोबत तंदूरमध्ये वाकली की वाटायचं, आत कोमिल पडलाय. पोरीला अंघोळ घालताना वाटायचं, हिला बाप नाही. सासू रोज सकाळी मोठ्या खोलीत जायची, पिशवीपुढं उभी राहायची आणि तोंड फिरवून बाहेर यायची. सुनेकडं बघायची नाही. हिला कळलं असेल का? कळलं असतं तर केस धरून अंगणात फरफटवलं असतं. मग नसेल कळलं. मग बघत का नाही?

एका सकाळी कणीक झोपवल्यावर इनोबत तंदूरपाशी गेली. स्टेशनावरच्या बाईचे सगळे कागद ओढणीत धरले होते. "खुदाया," ती पुटपुटली, "कोमिलला घरी आण. जन्मात परत लिहिणार नाही. कागदाला हात लावणार नाही. माझ्याकडून हे घे, त्याला सोड." नवस बोलली आणि कागद आत टाकले. ते वळले, काळे झाले, त्यांचा धूर डोळ्यांत गेला. त्या दिवशीच्या नानांना करपलेला वास लागला, आणि सफुरा ओयींच्या हातचे नान नेणाऱ्या गल्लीनं पहिल्यांदा नाक मुरडलं. सफुरा ओयी मात्र चकार शब्द बोलल्या नाहीत.

आता कणीक फुगायची वेळ आली की इनोबत रिकाम्या हातांनी पलंगावर बसायची. पाय सवयीनं हलायचा. पूर्वी तो वेळ मुठीत राहायचा नाही इतका भरकन जायचा, आता संपता संपत नव्हता. आणि रिकाम्या डोक्यात काय काय यायचं म्हणून सांगू! पूर्वी जिथं गाड्या धावायच्या तिथं आता शवपेट्या यायच्या, विमानतळावर उतरवलेल्या, कुणाचं तरी नाव रंगवलेल्या. लिहिणारीचं डोकं ते. कागद काढून घेतला म्हणून चालायचं थांबतंय थोडंच. भलतंसलतं, बारीकसारीक तपशिलासकट दिसायचं. डावा डोळा फडफडला तरी तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

तुती पिकून अंगणात पडायला लागली. एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन वाजला. इनोबतला तो उचलवेना. हातात वाजतोय आणि बोट पुढं जात नाही. सफुरा ओयींनी झडप घालून घेतला, कानाला लावला, आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

"ओयी," पलीकडून कोमिल म्हणत होता, "अहो ओयी, मी बोलतोय. रडताय कशाला? फोन चोरीला गेला माझा. आणि आम्हाला जंगलात कामाला नेलं होतं, तिथं रेंजच नाही. येतोय मी. तिकीट काढलंय."

आला तो जरा लंगडतच. सफुरा ओयींनी त्याला अंगणभर चाचपून पाहिला, घोडा घेताना बघतात तसा. "पायाला काय झालं?"

"काही नाही हो. फळीवरून पडलो. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचलो, बाजूला सळया होत्या. नशीब म्हणायचं."

तो कधी पडला, हे इनोबतनं विचारलं नाही. सफुरा ओयींनीही विचारलं नाही. दोघींची नजर एकदा भिडली आणि लगेच सुटली.

मग नान. सफुरा ओयींनी स्वतः पिशवी काढली, दस्तरखान अंथरला, चहा ओतला. कोमिलनं नान हातात घेऊन उलटासुलटा केला. इनोबतनं चहाची किटली उगाच पुढं ओढली. आता म्हणेल. आता म्हणेल, हा माझा नव्हे.

"अरे बापरे, दगड झालाय नुसता!" कोमिल म्हणाला, बिस्मिल्ला करून चावला, दात दुखला म्हणून कळवळला, आणि चहात बुडवून बुडवून सगळा संपवला. चुरासुद्धा तळहातावर घेऊन तोंडात टाकला. दोन बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. पुरुषाला आपला चावा ओळखता येत नाही, हे त्या दिवशी दिसलं.

मग मांडीवरच्या पोरीला हुंगत तो बायकोला म्हणाला, "काय लेखिकाबाई, थांबली का गाडी? तिकडं थंडीत पडल्या पडल्या मी दहा प्रकारे थांबवून पाहिली. तू कशी थांबवलीस?"

इनोबत उठली आणि पियाले गोळा करून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती अंगण झाडायला आली तर सफुरा ओयी आधीच तंदूरपाशी बसलेल्या.

"केरसुणी ठेव. बस इथं." इनोबत बसली. "कोमिलचा नान कुठं गेला?"

"काल... काल खाल्ला ना त्यांनी."

"मला वेडी समजू नकोस. माझ्या पोराचा दात मोडला तेव्हा तो तुकडा मी माझ्या हातात घेतलाय. दात उजवीकडचा आहे. टांगलेल्या नानावर खूण डावीकडं होती. समोर बसून नवऱ्याचं हसू बघत आलीस, त्याच्या तोंडानं कधी चावलं नाहीस, म्हणून तुझी बाजू उलटी पडली."

"तुम्हाला कधी कळलं?"

"खीर घेऊन आले तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत? मारायचं तरी होतंत मला!"

"बोलले असते तर खरं झालं असतं." सफुरा ओयी म्हणाल्या. "खोटा का होईना, भिंतीला नान होता. रोज सकाळी जाऊन स्वतःला सांगायचे, आहे गं, आहे. तू तोंड उघडलं असतंस तर मी जागच्या जागी मेले असते. तुझ्याकडं बघितलं नाही ते त्यामुळं. वाटायचं, बघितलं तर ही सांगून टाकेल. कोंबड्यांनी खाल्ला ना?"

"नाही." इनोबतनं ओढणी तोंडात धरली. "मी खाल्ला, ओयी."

"काय?"

"मीच खाल्ला. चहात बुडवून. लिहिता लिहिता कळलंच नाही."

सफुरा ओयींनी तिची हनुवटी धरून वर केली. "तो खाल्लास? तो दगड? आख्खा?" मग त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. हसू होतं की रडू, ते इनोबतला कळेना, बहुतेक त्यांनाही कळलं नसावं. "दात तरी शाबूत आहेत का गं तुझे, भवाने?"

"मी नवस बोललेय, ओयी. ते परत आले तर जन्मात लिहिणार नाही. कागद जाळले सगळे."

"माहीत आहे. जन्म गेला माझा तंदूरपाशी, कागदाचा धूर मला कळत नाही होय?" सफुरा ओयींनी डोळे पुसले. "नवस बोलायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं असतं. मीही बोललेय. त्याच सुमाराला."

"तुम्ही काय बोललात?"

"माझं पोर हातीपायी धड घरी आलं तर केलिनची कणकेची वेळ तिची. तंदूर मी पेटवीन, पोरीला मी बघीन, त्या तुर्सुनोयला दारातूनच वाटेला लावीन. चुना, कणीक, पोर, नान, सगळं एका जिवावर टाकून मी गेले खीर ढवळायला, वर्षभराचे टोमणे चुकवायला. निवांत बसू दिलं असतं, तर जेवताना जेवली असतीस आणि लिहिताना लिहिलं असतंस. ज्याच्या त्याच्या वेळेला जे ते."

"पण मग माझा नवस?"

"या घरात कुणाचं चालतं?"

"तुमचं."

"मग झालं तर!"

"पण खुदाला शब्द दिलाय मी."

"आणि मी काय शेजारणीला दिलाय? त्यानं पोरगा परत दिला तो तुझं ऐकून दिला की माझं ऐकून, माहीत आहे तुला?"

इनोबतला माहीत नव्हतं. भीती तर त्याचीच होती.

उन्हाळाभर तिनं कागदाला हात लावला नाही. कोमिल घरात होता, पाय बरा होत होता, तंदूरला नवी माती लिंपत होता. सफुरा ओयीही गप्प राहिल्या. पण खरबुजं संपत आली तसं त्याचं पुढचं तिकीट आलं. परत ताजा नान, परत तो कचकन चावा. या वेळी पिशवी सफुरा ओयींनी आपल्या स्वतःच्या खोलीत, आपल्या उशाच्या वर टांगली. "इथं कुणी चहा घेऊन यायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. कोमिल म्हणाला, "हे नवीनच खूळ!" आणि उंबऱ्यावरून वळून बायकोला ओरडला, "गाडीचं राहिलंच! आल्यावर सांग हं!"

दुसऱ्या दिवशी कणीक झोपल्यावर सफुरा ओयींनी शहलोला कडेवर घेतलं, तंदूरपाशी बस्तान ठोकलं, आणि पलंगाकडं हनुवटीनं खूण केली. पलंगावर कोरे कागद होते. बाकी काही नव्हतं. दस्तरखान नाही, किटली नाही, जर्दाळूची वाटीसुद्धा नाही. त्या वेळेत सुनेच्या हाताशी खायचं काहीही राहता कामा नये, असा सफुरा ओयींचा हुकूम होता.

इनोबत बसली. पाळणा आता माळ्यावर गेला होता, अंगठ्याला दोरी नव्हती. लिहिलं तर तिचा नवस मोडणार, नाही लिहिलं तर ओयींचा, आणि दोन्हीकडून उंच फळीवर उभा कोमिलच. तिला वाटलं, उठावं, ओयींच्या पाया पडावं, म्हणावं, मला नको ही वेळ, मला कणीक मळू द्या, भांडी घासू द्या. तंदूरमध्ये काटक्या तडतडायला लागल्या.

"लिहितेस का गं?" सफुरा ओयींनी मागं न बघता विचारलं. त्यांच्याही आवाजात भीती होती, ती इनोबतला स्पष्ट ऐकू आली.

"लिहितेय, ओयी," ती म्हणाली.

तिनं पाय हलवायला सुरुवात केली, नसलेल्या पाळण्याला झोका देत. बऱ्याच वेळानं हात चालू झाला. तेच माळरान, तेच बारकं स्टेशन, तीच हिरवा झेंडा घेऊन उभी असलेली बाई. पण या वेळी तिचा नवरा वारलेला नव्हता. तो लांब कामाला गेला होता, आणि तो येईपर्यंत झेंडा ती दाखवत होती.